नाकातला कोंब, कानातला दडा आणि चक्कर: कुणाचं कुणाशी किती नातं?

चक्कर येते म्हणून मेंदूचा एमआरआय काढतात. मेंदू नॉर्मल निघतो. पण रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असते: ‘उजव्या मॅक्सिलरी सायनसमध्ये पॉलिप किंवा रिटेन्शन सिस्ट’. बाकी सगळं ठीक आणि एवढीच ओळ वेगळी, म्हणजे चोर सापडला असं घरच्यांना वाटतं. मग वाफारे सुरू होतात, नाकाचे स्प्रे येतात, कुणी ऑपरेशनचा खर्चही विचारून येतं. चक्कर मात्र होती तिथेच.

याच्या उलट प्रकारही तितकाच नेहमीचा. दोन्ही नाकपुड्या खऱ्याखुऱ्या पॉलिपनं भरलेल्या असतात, वास येत नाही, कानात दडे बसलेले असतात, टीव्हीचा आवाज वाढत चाललेला असतो. आणि माणूस कानात कोमट तेल घालत बसतो. नाकात दुर्बीण घालून बघायचं कुणाच्या मनातही येत नाही.

नाक आणि कान यांचं नातं सख्खं आहे. नाक आणि चक्कर यांचं नातं लांबचं, आणि तेही बहुतेक वेळा कानामार्फत जुळलेलं. हा फरक नीट कळला की निम्मी धावपळ वाचते.

पॉलिप म्हणजे काय, आणि काय नाही

कपाळात, गालांच्या हाडांत, दोन डोळ्यांच्या मधे आणि नाकाच्या अगदी मागे खोलवर हवेच्या पोकळ्या असतात. या सायनसच्या चार जोड्या. आतून त्यांना नाकासारखंच ओलं अस्तर असतं. त्यावरची सूक्ष्म लव चिकट द्रव सतत सायनसच्या दाराकडे ढकलत असते. गालामागच्या, म्हणजे मॅक्सिलरी, सायनसचं दार तळाशी नसून वरच्या अंगाला असतं, त्यामुळे तिथला द्रव अक्षरशः चढवून न्यावा लागतो. अस्तर थोडं सुजलं तरी हे काम अडतं.

ही सूज महिनोन्‌महिने राहिली तर अस्तरात पाणी धरतं आणि ते फुगून खाली लोंबू लागतं. पावसाळ्यात भिंतीला ओल लागली की ऑइलपेंटचा पापुद्रा सुटतो आणि आत पाणी साठून फुगा होतो ना, तसंच. हाच पॉलिप. मराठीत त्याला कोंब म्हणतात, पण त्यात उगवण्यासारखं काही नसतं. तो कॅन्सरही नव्हे.

दुर्बिणीतून तो सोललेल्या द्राक्षासारखा दिसतो: फिकट, करडा, अर्धपारदर्शक. तपासताना सळईनं स्पर्श केला तर तो हलतो, दुखत नाही आणि सहसा रक्तही येत नाही. ही खूण महत्त्वाची आहे, कारण आरशात टॉर्च मारून जो गुलाबी गोळा बघून लोक घाबरतात, तो बहुतेक वेळा टर्बिनेट असतो. टर्बिनेट हा नाकाचा नेहमीचा अवयव, प्रत्येकाला असतो, आणि त्याला हात लावला तर चांगलंच झोंबतं. ‘नाकाचं हाड वाढलंय’ ही तक्रार पुन्हा तिसरीच. त्यात कधी मधला पडदा वाकडा असतो, कधी हे टर्बिनेट सुजलेलं असतं.

आता एमआरआयमधल्या त्या ओळीकडे येऊ. सायनसच्या अस्तरातली एखादी ग्रंथी तुंबली की गुळगुळीत घुमटासारखी गाठ होते. ती रिटेन्शन सिस्ट. नाकाची कसलीच तक्रार नसलेल्यांच्या स्कॅनमध्येही ती सर्रास दिसते, आणि सहसा तिला काहीच करावं लागत नाही. चित्रात ती आणि सायनसमधला छोटा पॉलिप सारखेच दिसतात, म्हणून रिपोर्ट लिहिणारे ‘किंवा’ घालून मोकळे होतात.

खऱ्या पॉलिपच्या आजाराची लक्षणं निराळी. दोन्ही नाकपुड्या बंद, नाकातून किंवा घशात मागून चिकट द्रव उतरणं, आणि वास जाणं. हे सगळं १२ आठवड्यांहून जास्त काळ चाललेलं असतं. यातली वासाची खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते: दूध करपून घरभर धूर झाला तरी पत्ता लागत नाही. दुखणं मात्र फारसं नसतं. दमा असलेल्यांत पॉलिप जास्त आढळतात. दमा, पॉलिप आणि ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकानं दम लागणं, ही तिन्ही एकत्र असणाऱ्यांचा एक वेगळा गटच आहे. अशा माणसानं डोकेदुखीवर दुकानातून उचललेली गोळी जिवावर बेतू शकते, तेव्हा ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगायला हवी.

दोन ठिकाणी मात्र थांबून बघावं लागतं. पॉलिप एकाच बाजूला असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर तुकडा काढून तपासल्याशिवाय त्याला साधा समजू नये. आणि लहान मुलाच्या नाकात असा गोळा दिसला तर आधी स्कॅन. क्वचित तो मेंदूच्या आवरणाचा खाली उतरलेला भाग असतो, आणि त्याला चिमटा लावणं महागात पडतं.

नाकातून कानात जाणारी नळी

कानाच्या पडद्यामागे एक बंद खोली आहे, मध्यकर्ण. तिच्यात जेमतेम एक-दोन मिलिलिटर हवा मावते. या खोलीला एकच खिडकी: सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबीची युस्टेशियन नळी. तिचं दुसरं तोंड नाकाच्या मागच्या टोकाला, टाळूच्या वर उघडतं. एरवी ती मिटलेली असते. आवंढा गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते आणि बाहेरची हवा आत येते.

ही हवा सारखी लागते, कारण मध्यकर्णाचं अस्तर आतली हवा हळूहळू शोषून घेत असतं. नळी उघडली नाही तर आतला दाब उतरतो आणि पडदा आत खेचला जातो. हाच आपला दडा. बोरघाटातून खोपोलीकडे उतरताना जो बसतो तोच. चढताना त्रास कमी, कारण आतली जास्तीची हवा नळीतून आपसूक बाहेर पडते. उतरताना बाहेरून हवा आत घ्यायची असते, आणि त्यासाठी नळी स्नायूंनी ओढून उघडावी लागते. घाटातला दडा चार आवंढ्यांत सुटतो. नळीच सुजलेली असेल तर पोकळीत पाझरून द्रव साठतो आणि ऐकू कमी येतं. कानात बोटं घालून ऐकल्यासारखं वाटतं, स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो.

पॉलिप बूच बसावं तसे नळीच्या तोंडावर बसतात असा एक समज आहे. कधीकधी तसं होतंही. गालाच्या सायनसमधून निघून मागे घशाकडे लोंबणारा एकटा मोठा पॉलिप, जो तरुण मुलांत जास्त आढळतो, तो नळीचं तोंड दाबू शकतो. पण बहुतेकांत कारण साधं आहे: नाक, सायनस, नळी आणि मध्यकर्ण या सगळ्यांना एकच सलग अस्तर आहे. नाकातल्या अस्तराला सूज आली की ती नळीच्या तोंडाशी थांबत नाही, आणि मागे उतरणारा चिकट द्रव सतत त्या तोंडावरूनच वाहत असतो.

याचं टोक गाठणारा एक आजार आहे, इओसिनोफिलिक ओटायटिस मीडिया. इओसिनोफिल या ॲलर्जीशी जोडलेल्या पांढऱ्या पेशी नाकात पॉलिप करतात, छातीत दमा करतात आणि कानात डिंकासारखा घट्ट पिवळा द्रव भरतात. जपानमधल्या डॉक्टरांनी यावर बरंच काम केलं आहे. तो द्रव नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही, सक्शननंही नीट ओढला जात नाही, आणि दुर्लक्ष झालं तर अंतर्कर्णाला इजा होऊन कायमचं बहिरेपण येऊ शकतं. दमा, पॉलिप आणि सतत भरलेला कान हे त्रिकूट दिसलं तर ‘सर्दीमुळे असेल’ म्हणून सोडू नये.

तेलाबद्दल एक वाक्य. पडदा धड असेल तर बाहेरून घातलेला थेंब मध्यकर्णात पोचूच शकत नाही. आपल्या दमट हवेत त्या तेलानं बाहेरच्या नळीत बुरशी मात्र छान धरते.

हा दडाच आहे ना? ‘हं’ म्हणून बघा

कान बंद वाटणं म्हणजे दरवेळी नळीची तक्रार नव्हे. अंतर्कर्णाची नस अचानक दगावली तरी सुरुवातीला ‘दडा बसलाय’ असंच वाटतं, आणि ही चूक फार महाग पडते.

एका कानाला दडा असेल तर घरी एक सोपी चाचणी करता येते. ओंकाराचा शेवटचा ‘म्‌’ लांबवतो तसा ओठ मिटून सूर धरा आणि तो कुठल्या कानात मोठा ऐकू येतो ते बघा. बंद कानात मोठा आला, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असण्याची शक्यता जास्त: मळ, द्रव, दाब. चांगल्या कानात मोठा आला, तर नसेची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं. अचानक गेलेल्या ऐकण्यावर स्टेरॉइड जितक्या लवकर सुरू होईल तितका फायदा; दोन आठवडे उलटले की फारसं हाती लागत नाही. आणि घरच्या चाचणीचा निकाल काहीही येवो, कान अचानक बंद झाला असेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, करून घ्यावीच.

दवाखान्यात हेच काम ट्यूनिंग फोर्क करतो. सोबत टिंपॅनोमेट्री होते: कानात मऊ बोंडूक बसवून दाब कमी-जास्त करायचा आणि पडदा कितपत हलतो त्याचा आलेख काढायचा. आलेख सपाट आला तर बहुधा आत द्रव आहे. शिखर डावीकडे सरकलं तर आतला दाब उतरलेला आहे. दोन मिनिटांचं काम, दुखत नाही. प्रौढाच्या एकाच कानात द्रव साठत असेल तर नाकाच्या मागची जागा दुर्बिणीनं पाहिलीच पाहिजे, कारण तिथली कॅन्सरची गाठही याच रूपात पहिल्यांदा दिसू शकते.

आता चक्कर

चक्कर या एका शब्दात आपण फार काही कोंबतो. खोली गरगर फिरते तीही चक्कर, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते तीही चक्कर, चालताना झोक जातो तीही, आणि डोकं जड होऊन सुन्न वाटतं तेही. डॉक्टरांसाठी या चार वेगळ्या वाटा आहेत.

शरीराचा तोल तीन साक्षीदारांच्या जबानीवर चालतो: डोळे, पायांचे तळवे आणि सांधे, आणि अंतर्कर्णातलं तोलाचं यंत्र. तिघांची जबानी जुळली नाही की मेंदू गोंधळतो आणि गरगरतं. सायनस या यादीत नाही. सायनस कितीही भरला तरी तोल मोजण्याचं काम त्याच्याकडे नाही. मध्यकर्ण मात्र अंतर्कर्णाच्या भिंतीला भिंत लावून आहे.

म्हणून गरगरण्याचं कारण शोधताना आधी ते किती वेळ टिकतं हे विचारतात. कुशीवर वळताना किंवा वर बघताना काही सेकंद ते मिनिटभर गरगरलं, तर कानातले चुन्याचे कण जागेवरून हललेले असतात. हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण आहे, आणि पलंगावर डोकं ठरावीक क्रमानं फिरवून बहुतेकांना एक-दोन वेळांत बरं करता येतं. वीस मिनिटं ते काही तास टिकलं, सोबत एक कान भरल्यासारखा झाला, त्यात घूं आवाज आला आणि ऐकू कमी-जास्त होत राहिलं, तर मेनिएर हा अंतर्कर्णाचा आजार. इथेच घोटाळा होतो, कारण भरलेला कान बघून लोक सायनस समजतात. सलग दोन-तीन दिवस गरगरलं तर तोलाच्या नसेची सूज. मायग्रेनची चक्कर पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत कितीही टिकते.

बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसू लागलं, एक बाजू लुळी पडली किंवा उभंच राहता येईना, तर नाक-कान विसरून थेट हॉस्पिटल.

मग पॉलिपमुळे चक्कर येतच नाही का?

येते, पण ठरावीक वाटांनी. मध्यकर्णात द्रव किंवा उतरलेला दाब असेल तर अधांतरी चालल्यासारखं वाटतं; गरगरणं क्वचित. विमानात किंवा पाण्यात बुडी मारताना एका कानाचा दाब सुटला आणि दुसऱ्याचा अडकला, तर मात्र काही क्षण जोरात गरगरतं.

वर्षानुवर्षं आत खेचलेला पडदा ही गंभीर वाट. पडद्याचा एक कोपरा खिशासारखा आत ओढला जातो, त्यात मृत त्वचा साठते, तिचा गोळा होऊन तो आजूबाजूचं हाड पोखरतो. याला कोलेस्टिअॅटोमा म्हणतात. पोखरत तो अंतर्कर्णाच्या अर्धवर्तुळाकार नळीपर्यंत पोचला की कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा बोटानं दाबला तरी गरगरतं. घाण वासाचा पू आणि चक्कर एकत्र आले तर ऑपरेशन टळत नाही.

उरलेली वाट औषधांची, आणि ती आपण सगळ्यात कमी तपासतो. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन गुंगी आणतं. नाक मोकळं करणारं औषध रक्तदाब वाढवतं. चक्करीसाठी दिलेली गोळी महिनोन्‌महिने चालू ठेवली तर मेंदूची तोल सावरण्याची सवयच मंदावते. रात्रभर तोंडानं श्वास घेऊन झोप मोडलेली असते, ते वेगळंच.

‘पण सर्दी झाली की मला हमखास चक्कर येते!’

यात खोटं काही नाही. सर्दीनं नळी सुजते, किंवा सर्दीच्या विषाणूमागून तोलाची नस सुजते. पण एक तिसरी शक्यता आहे जी मानायला लोक तयार होत नाहीत: मायग्रेन. त्यात कपाळ-गाल ठणकतात, नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून त्याला ‘सायनसची डोकेदुखी’ म्हणतात. २००४ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असं सांगणाऱ्या सुमारे ३,००० जणांना तपासलं. त्यातल्या ८८ टक्क्यांचं दुखणं मायग्रेनच्या निकषांत बसलं. पॉलिपचं नाक तर फारसं दुखत नाही. ठणका, उजेडाचा त्रास आणि चक्कर एकत्र असतील तर सीटीचे पैसे खर्च करण्याआधी हे तपासून घ्यावं.

उपचार: आधी भिंतीची ओल

पहिलं औषध म्हणजे नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे, मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन. रक्तात तो नगण्य उतरतो, त्यामुळे वर्षभर वापरला तरी गोळ्यांसारखा त्रास होत नाही. बहुतेक वेळा औषध फुकट जातं ते चुकीच्या हातामुळे. डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं मारायचं, डोकं थोडं पुढे झुकवायचं, नोझल त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे रोखायचं. त्याच बाजूच्या हातानं मारलं की फवारा मधल्या पडद्यावर बसतो, खपली धरते, रक्त येतं आणि माणूस स्प्रे सोडून देतो. जोरात हुंगू नये. घशात कडू लागलं तर औषध गिळलं गेलं असं समजावं. फरक दिसायला आठवडे लागतात, दोन-तीन महिन्यांआधी निकाल लावू नये. झटपट नाक उघडणारे ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब वेगळे. ते आठवड्याहून जास्त घातले तर नाक त्यांच्याशिवाय उघडायलाच नकार देतं.

स्प्रेच्या आधी नाक धुणं. २४० मिलिलिटर कोमट पाण्यात दोन ग्रॅमच्या आसपास मीठ, म्हणजे चहाचा अर्धा चमचा सपाट भरून त्याहून किंचित कमी, आणि चिमूटभर खायचा सोडा. मीठ कमी पडलं तर जास्त झोंबतं. साध्या पाण्यानं पोहताना नाक जळतं ते याचमुळे. पाणी खळखळून मिनिटभर उकळलेलंच हवं, नळाचं नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात नेतीपात्रात नळाचं पाणी वापरणारे दोघं मेंदू खाणाऱ्या अमिबानं दगावले. केरळात २०२४-२५ मध्ये आढळलेल्या मेंदूज्वरामागे असेच अमिबा होते. ते पाणी प्यायल्यानं नव्हे, नाकात वर गेल्यानं मेंदूत शिरतात. धुताना तोंड उघडं ठेवून ‘क-क-क’ म्हणत राहावं आणि आवंढा गिळू नये, कारण गिळलं की नळी उघडते आणि पाणी कानात जातं. नंतर एकेक नाकपुडी हलक्यानं शिंकरावी. दोन्ही दाबून जोर लावला तर घाण थेट कानाकडे जाते.

प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी पॉलिप आठवड्या-दोन आठवड्यांत आक्रसतात, वास परत येतो, आणि मोह तिथेच होतो. साखर वाढते, झोप उडते, वारंवार घेतल्यास खुब्याचं हाड मरू शकतं. वर्षातून एक-दोनदा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, त्याहून जास्त नाही. वाफेनं बरं वाटतं, पॉलिप मात्र तसूभरही कमी होत नाही.

‘ऑपरेशन करूनही परत येतात, मग कशाला?’

परत येतात, हे खरं. एका अभ्यासात दीड वर्षात सुमारे ४० टक्के रुग्णांच्या नाकात दुर्बिणीनं पॉलिप पुन्हा दिसले. रंगाचा फुगा खरवडला तरी भिंतीतली ओल तशीच असते. मग दुर्बिणीच्या ऑपरेशनचा उपयोग काय? त्यानं सायनसची दारं मोठी होतात आणि धुण्याचं पाणी व औषध आतल्या अस्तरापर्यंत पोचू लागतं. ऑपरेशननंतर ‘आता बरं झालं’ म्हणून स्प्रे सोडणारे पुन्हा रांगेत दिसतात. डोळ्याची खोबण आणि सायनस यांच्यामधलं हाड कागदाइतकं पातळ असतं, वर मेंदूचा तळ असतो, म्हणून आधी सायनसचा सीटी लागतोच. मेंदूच्या एमआरआयवर भागत नाही.

वारंवार येणाऱ्या पॉलिपसाठी आता जैविक इंजेक्शनं आहेत. त्यातल्या डुपिलुमॅबला अमेरिकेत २०१९ मध्ये यासाठी मान्यता मिळाली. ते दर दोन आठवड्यांनी, त्वचेखाली घ्यायचं असतं. वास परत आणण्यात ते चांगलं आहे, पण महाग आहे आणि थांबवलं की आजार परतू शकतो.

नाक सुधारलं, कानाचं काय?

नाक मोकळं झालं की कानही पाठोपाठ सुटतो, पण आठवडे लागतात. तीन महिन्यांनीही द्रव राहिला आणि ऐकू कमीच असलं तर पडद्यात बारीक नळी, ग्रोमेट, बसवतात. गरगरण्याची चक्कर मात्र नाकाच्या ऑपरेशननं जाईल असं कुणी सांगितलं, तर आधी कानाची तपासणी झाली का हे विचारावं. त्यात पलंगावर डोकं वळवून करायची चाचणी आली पाहिजे. तिला कुठलंही यंत्र लागत नाही.

तोवर विमानानं जायची वेळ आलीच, तर नाक पूर्ण चोंदलेलं असताना प्रवास पुढे ढकलता येतो का ते पाहावं. नाहीच जमलं तर रक्तदाब ताब्यात असलेल्यांनी विमान उतरू लागण्याच्या अर्धा तास आधी नाक उघडणारे थेंब घालावेत, आणि उतरताना जागं राहून घोट-घोट पाणी पीत राहावं. झोपेत आवंढे कमी गिळले जातात, आणि जाग येते तेव्हा दडा पक्का बसलेला असतो.